वीकेंडसाठी सेकंडहँड गरम (जोरात पळणारी) गाडी घ्यायचीय: अबार्थ पुंटो, पोलो की लॉरा आरएस? (नाशिक)

सातपूरकर
मंडळी नमस्कार. घरात सीएनजी वॅगनआर आहे, कंपनी, भाजी, सासुरवाडी सगळं तीच करते, तिला हात लावायचा नाहीये. मला पाहिजे फक्त रविवारची गाडी, म्हणजे पहाटे निघायचं, जव्हारचा घाट नाहीतर वणीवरून सापुतारा, आणि जेवायच्या आत घरी. बजेट सात लाख, ओढूनताणून साडेसात. मॅन्युअल असेल तर उत्तमच. डोक्यात फियाटची अबार्थ पुंटो आहे, फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय (म्हणजे टर्बो पेट्रोल) आहे, आणि एक 2011 ची स्कोडा लॉरा आरएस दिसलीय, तिचे फोटो बघून झोप उडालीय. पार्किंग एकच आहे, बायको त्यावरून रोज बोलते, ते मी निस्तरतो, तुम्ही फक्त गाडीचं सांगा.

टर्बो_तात्या
अबार्थ घे आणि विषय संपव भो. 1.4 टी-जेट टर्बो पेट्रोल, 145 बीएचपी, चारही चाकांना डिस्क आणि स्टिअरिंग हायड्रॉलिक, रस्ता कसा आहे ते हाताला कळतं, आताच्या गाड्यांत ते राहिलंच नाही. खालच्या आरपीएमला जरा झोपलेली असते पण टर्बो जागा झाला की दुसऱ्या गिअरमध्ये सुद्धा पुढची चाकं सुटतात. अशी गाडी परत बनणार नाही.

सिडकोवाला
तात्या, चालवायला एक नंबर, मान्य. पण फियाटने 2019 ला इथलं दुकान गुंडाळलं त्याचं काय? 1.3 मल्टीजेट डिझेल इंजिन मारुती-टाटात पण होतं म्हणून त्याचे पार्ट मिळतात आणि लोकांना वाटतं फियाटचं सगळंच मिळतं. टी-जेटचं तसं नाही, एखादा सेन्सर गेला तरी मुंबई-पुण्याला फोनाफोनी. घ्यायचीच असेल तर टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल माग, तोंडी "झालाय हो साहेब" चालणार नाही, बिल नसेल तर बेल्टचे पैसे किमतीतून कापून घे.

लॉराचं तर सरळ गणित आहे. 1.8 टीएसआय, 160 पीएस, सहा गिअरची मॅन्युअल, गाडी जबरदस्त. पण पेट्रोल गाडीचं पासिंग 15 वर्षांचं, 2011 ची म्हणजे 2026 ला आरसी रिन्यू, फिटनेस आणि वर ग्रीन टॅक्स. शिवाय हे इंजिन ऑइल पिण्यात बदनाम आहे, मालकाला हळूच विचार की दोन सर्व्हिसच्या मधे किती ऑइल टाकता, तो अडखळला की समजून जा.

गंगापूररोडकर
पोलोबद्दल मी बोलतो, घरातच आहे. जीटी टीएसआय म्हणजे दोन वेगळ्या गाड्या आहेत हे आधी लक्षात घे. जुनी 1.2, 105 पीएस, तिला सात गिअरचा ड्राय क्लचवाला डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मोकळ्या रस्त्यावर मस्त, पण द्वारका सर्कलला संध्याकाळी रोज रांगत काढलेली असेल तर क्लच आणि मेकॅट्रॉनिकचं (गिअर बदलणाऱ्या कंट्रोल युनिटचं) आयुष्य तिथेच संपलेलं असतं आणि तो खर्च लाखाच्या घरात जातो. 2020 ला 1.0 टीएसआय आली, 110 पीएस, जीटीला साधा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक मिळाला आणि खालच्या मॉडेलला सहा गिअरची मॅन्युअल. तुझ्या कामाची ती मॅन्युअल. जीटीचा बिल्ला नाही म्हणून लोक बघत नाहीत, तू बघ. पोलो 2022 ला बंद झाली पण 1.0 टीएसआय व्हर्टस, टायगुन, कुशाकमध्ये चालूच आहे, इंजिनाच्या पार्टची तेवढी चिंता नाही.

आणि रिमॅप केलेली, म्हणजे पॉवर वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललेली असेल तर नको. इन्शुरन्सला कळवलेलं नसतं, क्लेमच्या वेळी तोंड लपवायची पाळी येते. विकताना कंपनीचा मूळ (स्टॉक) मॅप परत टाकतात, त्यामुळे नुसतं स्क्रीनवर बघून कळत नाही, मोठा एक्झॉस्ट नाहीतर बाहेरचा कोन एअर फिल्टर दिसला की विचारपूस कर.

टर्बो_तात्या
पोलो शहाण्या माणसाची गाडी. रविवारी शहाणपणा कशाला?

नांदगावचा_नाना
बलेनो आरएस कुणीच बोलेना! 1.0 बूस्टरजेट टर्बो पेट्रोल, 102 पीएस, मॅन्युअल, मागे पण डिस्क. अबार्थएवढी माजोरडी नाही, पण वजन कमी त्यामुळे घाटात हलकी वाटते आणि 1.0 बूस्टरजेट 2023 ला फ्रॉन्क्समध्ये परत आलं. उरलेल्या पैशात चांगले टायर आणि ब्रेक पॅड टाक. टायरवर चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. अशा कमी फिरलेल्या गाड्यांचे टायर वरून नवे दिसतात आणि आतून लाकूड झालेले असतात, त्यावर घाट उतरायचा नाही.

सातपूरकर
लॉरा सोडली, जीवावर आलं पण सोडली. पुण्यात 1.0 टीएसआय मॅन्युअल सापडलीय, फर्स्ट ओनर, एमएच 12, लोन आहे म्हणतो पण "फिटत आलंय". या शनिवारी जाऊ का?

सिडकोवाला
जा, पण बँकेची एनओसी आणि लोनचा बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय टोकनच्या वर रुपया देऊ नको, आरसीवरचा बोजा उतरला की मग गाडी नावावर करायच्या फॉर्म 29-30 वर सह्या. चलन बाकी आहेत का ते गाडी नंबर टाकून आदल्या रात्रीच बघ.

गंगापूररोडकर
आणि त्याला आधीच सांग की मी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. गेल्या गेल्या बोनेटला हात लाव, गरम लागलं तर चहा घेऊन तासदोन तास थांब आणि मग थंड इंजिनवर स्टार्ट मारून आवाज ऐक. माझ्याकडे गाडीचे फॉल्ट कोड वाचायचा स्कॅनर आहे, शुक्रवारी संध्याकाळी कॉलेज रोडला येऊन घेऊन जा, फक्त केबल परत आण.

सातपूरकर
शुक्रवारी साडेसातला येतो. अॅव्हरेज किती देते ते घरी सांगायला लागणार आहे, कुणीतरी बरा आकडा सांगा.