आखाड्यावर राहून बघा
‘द स्ट्रेंजर्स’ हा एकाकी घरावर मुखवटेवाले अनोळखी लोक चालून येतात असा हॉलिवूडचा भयपट. तो आपल्याकडं चालणार नाही, कारण आपली घरं भिंतीला भिंत लागून, एक हाक मारली की गल्ली गोळा होते, असं काही जण म्हणतात. हा मुद्दा गावापुरता पटतो. पण परभणी-हिंगोलीकडं आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, राहणारी घरं विसरलात का? शेजार म्हणजे दोन-तीन शेतं पलीकडं. रब्बीत पाण्याच्या मोटारीला लाईट बऱ्याचदा रात्री येते, म्हणजे घरातला माणूस बॅटरी घेऊन गव्हात, अन् घरात बाई, लेकरं, म्हातारी. कडी आतून, दार पत्र्याचं.

अजून एक. या सिनेमातल्या मुखवट्यांवर बरीच चर्चा होते, पण मला त्यातला सुरुवातीचा प्रसंग जास्त लागला: रात्री एक मुलगी दार वाजवते आणि तिथं न राहणाऱ्याच कुणाची तरी चौकशी करते. दिग्दर्शक ब्रायन बर्टिनोनं हे स्वतःच्या लहानपणातून घेतलंय. त्यांच्याकडं असंच कुणी भलत्याचंच नाव विचारत आलं होतं, नंतर कळलं की ज्या घरांत कुणी नव्हतं ती घरं त्या लोकांनी फोडली. २००८ च्या सिनेमात त्यानं हे उलटवलं, घरात माणूस आहे म्हणूनच हल्ला.

आमच्या आखाड्यावर एकदा रात्री अकराला कुणीतरी “पाटील हायत का?” म्हणून हाक दिली. आमच्या सात पिढ्यांत कुणी पाटील नाही. आजीनं आतूनच ठणकावलं, “हायत, चौघं हायत, थांब उठवते.” घरात आम्ही दोघंच होतो, मी अन् ती. पावलं लांब गेली, तरी कुत्रं काही भुंकलं नाही. ते मला अजून खटकतं.