मदत हवी आहे: ब्रिटनच्या आयटीव्ही चॅनलवरच्या घोड्यांच्या रेस बघणं सोडावं का?

मंडळी, मी लेस्टरला असतो. महालक्ष्मीला बाबांच्या बोटाला धरून रेस बघायला गेलो तेव्हापासूनचा हा नाद, इथे आल्यावर वाढलाच. पैज लहानच लावतो, पाच-दहा पौंडांची.

गेल्या शनिवारी आठ घोड्यांच्या रेसमध्ये ईच-वे पैज लावली, म्हणजे घोडा जिंकला नाही, पण पहिल्या काही जागांत आला तरी पैसे मिळतात. माझा घोडा तिसरा आला, मी खूश! पण पैसे शून्य. ऐन वेळी एक घोडा बाद झाला होता. आठ असतील तर तीन जागांचे पैसे मिळतात, सातच उरले तर दोनच. नियम मान्य आहे हो, पण समालोचनात याचा उच्चारही नाही! तोवर प्रेक्षकांच्या टोप्या, पाहुण्यांच्या टिप्स आणि पैजांच्या भावांची पाटी चालू. पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात तिथे, घोडा घामाने निथळतोय का, पळायला मैदान कितपत मऊ आहे, हे शेवटच्या मिनिटात उरकलं. २०१७ मध्ये चॅनल ४ कडून आयटीव्हीकडे रेस गेल्या. त्याआधीचं ज्यांनी पाहिलंय त्यांनी सांगा, तेव्हा बरं होतं का?

आता पैसे भरून चॅनल घ्यायचा विचार आहे. चेल्टनहॅम, एनट्री (Aintree), यॉर्क इथल्या रेस रेसिंग टीव्हीवर, ॲस्कॉटच्या स्काय स्पोर्ट्स रेसिंगवर. दोन्ही घेतले तर बायको मला घराबाहेर काढेल. कुणी वापरलंय? एकच घ्यायचं तर कोणतं? आणि बाद घोड्यांची खबर फोनवर लगेच कशी मिळते?