को-क्यू-टेनच्या गोळ्या बाबांना द्याव्यात का?

भांडुपची लेक
बाबा ६८ वर्षांचे. हृदयाची झडप बदललेली, धातूची बसवली आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज चालू, शिवाय कोलेस्टेरॉलसाठी रात्री ॲटोरव्हास्टॅटिन. हल्ली मांड्या भरून येतात म्हणतात. दादरचा पूल चढताना मध्येच कठडा धरून उभे राहतात. शेजारच्या काकांनी को-क्यू-टेन १०० मिलिग्रॅमची बाटली आणून दिली. अँटिऑक्सिडंट आहे, हृदयाला चांगलं म्हणाले. बाटली अजून फोडलेली नाही. द्यावी का?

परळकर
मी घेतो, जेवणासोबत. कोलेस्टेरॉलची गोळी मलाही आहे. पाय हलके वाटतात, पोटाचा वगैरे त्रास नाही. पण रक्त पातळ करायचं औषध मला नाही, तेवढं लक्षात घ्या.

मेडिकल काउंटर, गिरगाव
ताई, बाटली फोडली नाहीत ते उत्तम केलंत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय फोडूही नका.

काकांचं म्हणणं हवेतलं नाही. कोलेस्टेरॉल आणि को-क्यू-टेन शरीरात एकाच साखळीतून तयार होतात. स्टॅटिन ती साखळी वरच अडवतं, म्हणून रक्तातलं को-क्यू-टेनही उतरतं. पण ते भरून काढलं की दुखणं थांबतं, असं अभ्यासांत एकमताने दिसलेलं नाही. काहींना फरक पडला, काहींना नाही. हृदय कमजोर झालेल्या ४२० रुग्णांवर दोन वर्षं रोज ३०० मिलिग्रॅम देऊन चाचणी झाली होती. २०१४ साली आलेला तिचा निकाल चांगला होता. पण तो आजार वेगळा.

बाबांच्या बाबतीत खरी काळजी झडपेची. को-क्यू-टेनची रचना रक्त गोठायला मदत करणाऱ्या व्हिटॅमिन केशी मिळतीजुळती आहे. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफेरिनसारख्या गोळीचा जोर त्याने कमी होऊ शकतो. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, खाली आला तर धातूच्या झडपेवर गुठळी धरू शकते, आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. काउंटरवर मी हे रोज सांगतो, तरी लोक ‘पूरक आहार आहे, औषध थोडंच’ म्हणून घेऊन जातात. बाटलीवर बारीक अक्षरात पाहा, ‘औषधी वापरासाठी नाही’ असं इंग्रजीत छापलेलं असेल.

मांड्या दुखतात हे आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. ते बहुधा सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि थायरॉइड बघतील, गरज पडली तर स्टॅटिनचा डोस कमी करतील किंवा गोळी बदलतील. मनाने स्टॅटिन बंद करू नका. लघवी चहासारखी गडद झाली तर मात्र त्याच दिवशी दाखवा. को-क्यू-टेन द्यायचं त्यांनी ठरवलंच, तर सुरू केल्यावर आयएनआर लवकर तपासायचा, आणि बंद करतानाही.

भांडुपची लेक
दादा, मनापासून आभार. डॉक्टरांशी बोलले. उद्या सकाळी सीपीके, थायरॉइड, आयएनआर तिन्ही करायला सांगितलंय. एक विचारू? आई त्वचेसाठी व्हिटॅमिन ई ४०० घेते, त्यातली बाबाही अधूनमधून घेतात.

मेडिकल काउंटर, गिरगाव
बाबांची आजपासून बंद करा, आणि घेत होते हेही डॉक्टरांना कळवा. जास्त मात्रेतलं ई रक्तस्राव वाढवू शकतं, म्हणजे को-क्यू-टेनच्या नेमकं उलट. उद्याचा आयएनआर वाचताना त्यांना हे ठाऊक असायला हवं.