सौर वादळाची सूचना चांद्रवीरांना वेळेत मिळू शकते का?

प्रश्न (विज्ञान शिक्षक, नाशिक रोड)
नववीच्या वर्गाला लासलगावचे कांदा विकिरण केंद्र दाखवून आणले. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांना अडवणाऱ्या काँक्रीटच्या जाडजूड भिंती पाहून एका मुलीने विचारले, की यानाभोवती अशी भिंत नेता येत नसेल, तर सूर्याकडून घातक मारा होणार हे अंतराळवीरांना आधी कळते का? सूर्यप्रकाश साधारण ८ मिनिटांत पोहोचतो, यापलीकडे मला सांगता आले नाही. जाणकारांनी कृपया लिहावे.

उत्तर (खगोलप्रेमी, सिडको)
सर, धोका प्रकाशाचा नसून सौरज्वाला (सूर्यावरचे अचानक होणारे प्रखर भडके) आणि प्रभामंडलातील, म्हणजे सूर्याच्या बाह्य वातावरणातील, उद्रेक यांमुळे प्रचंड वेग मिळालेल्या प्रोटॉनचा आहे. उद्रेकातून सुटलेला वायूचा ढग यायला बहुधा एक ते तीन दिवस लागतात. मात्र सर्वांत वेगवान प्रोटॉन प्रकाशामागोमाग काही मिनिटांत येऊन ठेपू शकतात, त्यामुळे ज्वाला दिसल्यावर इशारा द्यायचा म्हटले तर हाती फारसे काही उरत नाही. ऑगस्ट १९७२ मध्ये, म्हणजे अपोलो १६ परतल्यानंतर आणि अपोलो १७ निघण्यापूर्वी, असे तीव्र वादळ आले होते. तेव्हा चंद्रावर कोणी नुसत्या स्पेससूटमध्ये असता, तर त्याला किरणोत्सर्गाची गंभीर बाधा झाली असती, असे अभ्यासक मानतात.

थोडा वेळ मिळवून देतात ते इलेक्ट्रॉन. वजनाने हलके असल्यामुळे ते प्रोटॉनच्या आधी पोहोचतात, आणि सूर्याचे निरीक्षण करणाऱ्या सोहो यानाने केलेल्या त्यांच्या मोजणीवरून मागाहून येणाऱ्या प्रोटॉनचा अंदाज बांधण्याची पद्धत शास्त्रज्ञ आरिक पॉस्नर यांनी २००७ मध्ये मांडली. तीतून जास्तीत जास्त तासाभराची सूचना मिळते. चंद्रावर माणसे नेण्यासाठीच्या नासाच्या ओरायन यानात तेवढ्या अवधीत सामानाच्या पिशव्या भोवती रचून आडोसा करता येतो. भिंतीबद्दल सांगायचे, तर प्रोटॉनसाठी शिशापेक्षा पाणी, पॉलिथिलीन असे हायड्रोजनयुक्त पदार्थ वजनाच्या मानाने अधिक उपयोगी ठरतात.

उत्तर (द्राक्ष बागायतदार, निफाड)
यानात बसलेल्याला तासभर पुरेल, पण यानापासून दूर गेलेल्याचे काय? अपोलो १७ च्या अंतराळवीरांची यानाबाहेरची प्रत्येक चांद्रफेरी ७ तासांहून अधिक चालली होती. शिवाय इशारा खोटा ठरला तर? अवकाळीच्या इशाऱ्यावर आम्ही फवारणी उरकतो आणि ढग तसेच निघून जातात, तेव्हा औषधाचा खर्च अंगावर पडतो. तिथे तर अख्खी फेरी वाया जाईल.

उत्तर (खगोलप्रेमी, सिडको)
आपण नेमके अडचणीवर बोट ठेवले. बहुतेक ज्वालांमागून प्रोटॉनचे वादळ येतच नाही, म्हणून प्रत्येक ज्वालेला घाबरून चालणार नाही. माझ्या मते चंद्रावर फिरणाऱ्याला वादळाच्या घोषणेपेक्षा 'पुढचे काही तास काही येणार नाही' ही खात्री अधिक मोलाची आहे, आणि ती देणेच अधिक कठीण आहे. कारण त्यासाठी सौरडागांच्या गुंतागुंतीच्या चुंबकीय क्षेत्रांवरून उद्रेक होण्याआधीच अनुमान करावे लागते. त्यातही डाग कुठे आहे हे महत्त्वाचे असते: सूर्याच्या फिरण्यामुळे चुंबकीय रेषा सर्पिल होतात, त्यामुळे त्याच्या पश्चिमार्धातील उद्रेकांचे प्रोटॉन पृथ्वी आणि चंद्राकडे सहज वळतात. भारताचे आदित्य-एल१ यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरून सूर्य न्याहाळते, पण तेही आपल्याच बाजूने. मंगळप्रवाशांवर पलीकडच्या बाजूचे डागही मारा करू शकतात, म्हणून पर्सिव्हिअरन्स रोव्हर मंगळावरून सूर्याची छायाचित्रे घेऊन ते डाग टिपते.