डिटर्मिनंट १ आला, तरी त्रिकोण एकरूप का नाही?

काटकोन९०:
अ(०,०), ब(४,०), क(०,३), भुजा ३, ४, ५. (क्ष, य) च्या जागी (क्ष+य, य) घेतलं की क जातो (३,३) वर, अ आणि ब जागचे हलत नाहीत. या बदलाच्या मॅट्रिक्सचा (म्हणजे गुणकांच्या २×२ चौकटीचा) डिटर्मिनंट १, क्षेत्रफळ आधीही ६ आणि नंतरही ६. पण एक त्रिकोण दुसऱ्यावर काही केल्या बसत नाही. नोट्समध्ये 'डिटर्मिनंट १ असेल तर एकरूपता टिकते' असं छापलंय. माझं काय चुकतंय?

लंबक:
तुमचं नाही, नोट्सचं चुकलंय. डिटर्मिनंट क्षेत्रफळाचा हिशेब ठेवतो, लांबीचा नाही. नव्या भुजा काढून बघा: अब ४, अक √१८ म्हणजे ४.२४, बक √१० म्हणजे ३.१६. पत्त्यांचा कॅट रचून वरून तिरका ढकलावा तसं झालंय. पाया आणि उंची तीच, म्हणून क्षेत्रफळ तेच. कडा मात्र लांबली.

खरी तपासणी मॅट्रिक्सच्या स्तंभांवर करायची: (१,०) जिथे जातो तो पहिला स्तंभ, (०,१) जिथे जातो तो दुसरा. प्रत्येक स्तंभाची लांबी १ हवी आणि दोघांचा डॉट गुणाकार (क्ष ला क्ष ने, य ला य ने गुणून केलेली बेरीज) ० हवा. तुमचे स्तंभ (१,०) आणि (१,१). दुसऱ्याची लांबी √२, गुणाकार १. दोन्ही अटी मोडल्या.

उलट बाजूही बघा. क्ष अक्षातलं परावर्तन, (क्ष, −य), त्याचा डिटर्मिनंट −१, तरी आकृती एकरूपच राहते. फक्त अ-ब-क हा क्रम घड्याळाच्या उलट जात होता तो सुलट जायला लागतो. कागद पालथा घातल्याशिवाय बसत नाही, इतकंच.

पायथागोरसचा_शेजारी:
हेच कोडमध्ये करणाऱ्यांसाठी. ९० अंशांच्या परिवलनात (क्ष, य) चा (−य, क्ष) होतो. पण आधी 'क्ष = −य' आणि मग 'य = क्ष' असं लिहिलंत तर दुसऱ्या ओळीला नवा क्ष मिळतो. ब जातो (०,०) वर, क जातो (−३,−३) वर, म्हणजे अख्खा त्रिकोण एका रेषेत चपटा. जुना क्ष आधी बाजूला ठेवा. ३० अंशांना कोसाइन ०.८७ आणि साइन ०.५ अशा गोल केलेल्या किमतीही नकोत: वर्गांची बेरीज १.००६९ येते आणि ५ ची भुजा ५.०२ होते. एकदा चालून जाईल, पण तेच परिवलन १२ वेळा केलं तर फेरी पूर्ण होऊनही भुजा ५.२१ च्या आसपास जाते.

काटकोन९०:
स्तंभांचं कळलं. विस्तारण, म्हणजे सगळं एकाच गुणकाने लहान-मोठं करणं, मग कायमचं बाद?

लंबक:
गुणक १ किंवा −१ असेल तेवढंच चालतं. −१ म्हणजे केंद्राभोवती १८० अंशांचं परिवलनच. बाकी गुणकांना कोन टिकतात, भुजा नाही, म्हणून त्रिकोण समरूप राहतात. आणि जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये बघत असाल तर दोन्ही अक्षांचं प्रमाण आधी १:१ करा, नाहीतर बरोबर फिरवलेला त्रिकोणही पडद्यावर वेडावाकडा दिसेल.