'लॅग'ला मराठीत काय लिहावं? विलंब, पश्चता की अजून काही?

गोदातीर
मंडळी, एका शब्दावर अडलेय. सेकंड लाइफ नावाचं आभासी जग आहे ना, 2003 पासून चालू असलेलं, तिथं नव्यानं येणाऱ्या मराठी लोकांसाठी चार पानांचं माहितीपत्रक करून देते म्हणाले. मूळ वाक्य एवढंच की सर्व्हर, म्हणजे ते जग चालवणारा संगणक, जितका लांब तितका लॅग जास्त, म्हणजे बटण दाबलेलं पडद्यावर उशिरा दिसतं. मी लिहिलं 'विलंब जाणवेल'. तपासणाऱ्या बाईंनी विलंब खोडून 'पश्चता' केलं, वर समासात टीप, विलंब माणूस करतो, यंत्राला पश्चता असते. भाच्याला वाचून दाखवलं तर म्हणतो, "मावशी, सर्व्हरला कशाचा पश्चात्ताप होऊलालाय?" आता काय करू सांगा.

मास्तर_परळी
विलंबच ठेवा ताई. लम्ब् म्हणजे लोंबणे, त्याला वि लागला की विलंब. आपण 'काम लटकलं' म्हणतो, पोरं 'मोबाईल हँग झाला' म्हणतात, तिन्हीत चित्र एकच, काहीतरी टांगलेलं आहे. गाण्यात विलंबित लय असते, तिथं कोण माणूस उशीर करतो? पश्चता हा कोशात जन्मलेला आणि कोशातच वारलेला शब्द आहे.

पिंगपिंग
सर विलंबित म्हणजे संथ ना, आणि इथंच तर घोळ आहे. लॅग म्हणजे हळू नाही, उशिरा. फरक आहे. सेकंड लाइफमधी कंट्रोल शिफ्ट 1 दाबा, आकड्यांची पट्टी उघडते, त्यात पिंग सिम (सर्व्हरकडं जाऊन यायला लागलेला वेळ) वेगळं दिसतं आणि एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) वेगळं. चित्र अडखळत असंल तर तुमचा लॅपटॉप दमलाय. सिमचं, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या त्या जगाच्या तुकड्याचं, एफपीएस 45 असायला पाहिजे, गर्दी झाली की ते पडतं, मग सर्व्हरच्या शेजारी घर असलं तरी उपयोग नाही. आणि पिंग म्हणजे अंतराचं दुखणं. लोक तिन्हीला लॅगच म्हणतात म्हणून तिन्हीला एकच मराठी शब्द शोधायला गेलं की फसणारच.

टेलवाला
पिंगपिंग भाऊ बरोबर हाय. आमची जमीन जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर, परभणी जिल्ह्यात, कालवा 208 किलोमीटरचा. पैठणला गेट उचललं की पेपरात येतं आवर्तन सुटलं, अन् आमी चारीवर जाऊन कोरडी माती बघत बसतो. पाणी कमी सोडलं म्हनून नाही, लांबून यायचंय म्हनून. वरच्यांनी मोटारी टाकल्या की येतं ते बी अर्धं येतं पण ते येगळं दुखनं. आमी ह्याला 'पाणी अजून वाटेत हाय' म्हणतो. वाटेत हाय असं लिवा की.

लातूरची_लेक
टेलवाले काका, मस्त. आमच्याकडं 2016 ला मिरजेहून पाण्याची रेल्वे यायची, 'जलदूत', पुढं पुढं 50 वाघिणी, एका खेपेत 25 लाख लिटर. लोक म्हणायचे एवढं पाणी येतंय मग रांग कशाला. अहो येतंय भरपूर, पण मिरजेहून येतंय! माझा भाऊ परवा 100 एमबीपीएसचा, म्हणजे एका वेळी जास्त माहिती आणणारा, इंटरनेट प्लॅन घेऊन आला अन् म्हणतो पिंग काहून कमी होत नाही. मी म्हणलं वाघिणी वाढवल्यास, मिरज जवळ नाही आली.

पिंगपिंग
😂 हे मी कॉलेजात सांगणार. आकडे पण टाकतो. फायबरमधी प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. सेकंड लाइफ 2020 च्या शेवटी ॲमेझॉनच्या क्लाउडवर गेलं, सर्व्हर अमेरिकेत ओरेगॉनला. मुंबईहून सरळ रेघ मारली तरी साडेबारा हजार किलोमीटर धरा, जाऊन येऊन 25 हजार, म्हणजे 125 मिलिसेकंद तर नुसते वाटखर्चीत गेले, आणि केबल काही सरळ रेघेत जात नाही, समुद्राखालून वळसे घेत जाते, मधी राउटर. त्यामुळं माझ्याकडं 270-280 दिसतं. प्रकाशाला कुणी पळवू शकत नाही, त्यावर प्लॅन नसतो.

गोदातीर
अगदी! मी बाण दाबते, माझी पडद्यावरची बाई चालायला लागते उशिरा, बोट उचललं तरी दोन पावलं पुढं जाते. पहिल्या दिवशी धक्क्यावरून तशीच पाण्यात गेली होती. आणि गंमत म्हणजे भाचा अन् मी एकाच खोलीत, एकाच पलंगावर, पण मी हात हलवला तर त्याच्या पडद्यावर तो ओरेगॉनहून फिरून येतो. तो इकडून खरा माझा हात बघतो, मग वळून पडद्यावर बघतो, तवा तिथला हात हलतो.

अंबाजोगाईकर
मग शब्द आपल्याकडं आहेच की, हेलपाटा! गेलं आणि आलं. 'सर्व्हर लांब असेल तर हेलपाटा मोठा पडतो.' हेल म्हणजे पाण्याची खेप, हेलकरी त्यातलाच. आमच्या आजी म्हणायच्या दोन हेल आणल्या.

मास्तर_परळी
हेलपाटा म्हणजे नुसतं जाणं-येणं नव्हे, फुकट गेलेलं जाणं-येणं. सातबाऱ्यासाठी तीन चकरा मारून साहेब भेटले नाहीत, तो हेलपाटा. इथं तर निरोप पोहोचतो. येरझार म्हणा हवं तर.

लातूरची_लेक
येरझार तर माणूस अंगणात घालतो, काळजीत. खेप सगळ्यात बरं. 'एका खेपेला 280 मिलिसेकंद.'

अंबाजोगाईकर
मास्तर, पॅकेट, म्हणजे निरोपाचा तुकडा, वाटेत हरवतं तेव्हा फुकट जातंच की. तवा तो हेलपाटाच!

पिंगपिंग
हे मान्य 😄 पॅकेट लॉसला हेलपाटा, पिंगला खेप.

मास्तर_परळी
आणि लॅगला? मूळ प्रश्न तो होता. काही जण वर दिरंगाई सुचवतील म्हणून आधीच सांगतो, ते फारसी आहे, दिरंग.

लातूरची_लेक
कुणीच सुचवलं नव्हतं सर. पण फारसी म्हणून बाद? मग तारीख, वकील, जमीन सगळंच बाद, टेलवाले काकांची जमीन पण. दिरंगाई बाद करायची तर यासाठी करा की तिच्यात दोष आहे, कुणीतरी मुद्दाम बसून राहिलंय असा. केबलनं काय गुन्हा केलाय?

अंबाजोगाईकर
लॉकडाउनमधली गोष्ट सांगतो. आमचं भजनी मंडळ व्हिडिओ कॉलवर बसलं एकादशीला. एक जण रेणापूर, एक औसा, मी इथं. टाळ कुणाचा कुणाला मिळेना. पखवाजवाले काका चिडून म्हणाले, "तुम्ही लोक मागं काहून पडूलालात?" अन् पलीकडचे म्हणतात तुम्हीच मागं आहात. दोघंही खरं! प्रत्येकाला दुसरा मागं ऐकू येत होता. शेवटी एकानंच म्हणायचं, बाकीच्यांनी माईक बंद करून आपापल्या घरी टाळ वाजवायचे असं ठरलं. तेव्हा कुणी विलंब म्हणलं नाही, पश्चता तर नाहीच, सगळे 'मागून येलालंय' म्हणत होते.

पिंगपिंग
मागून येणं! काका हेच. दोन ठोक्यांत अर्धा सेकंद धरला तर पाव सेकंदाचा लॅग म्हणजे टाळ बरोबर मधोमध पडणार. आणि बघा, सगळे जवळजवळचे, तरी झालं, कारण आवाज एकमेकांकडं जात नव्हता, आधी सर्व्हरकडं जात होता, वर ॲप थोडा आवाज साठवून मग वाजवतं.

गोदातीर
'मागून येतं' चांगलं आहे पण नाम हवंय हो, तक्त्याचं शीर्षक आहे. 'मागूनपण'? ऐकायलाच कसंतरी.

मास्तर_परळी
क्रियापदाचं नाम करायची सक्ती ही इंग्रजीची आहे. तक्त्यात 'किती मागून येतं' असं लिहा की. मात्र 'येलालंय' प्रमाण लेखनात नको. आणि ते 'येऊ रायलंय' असतं.

लातूरची_लेक
सर ते जालन्याकडं. आमच्याकडं येलालंय नाहीतर यायलंय.

टेलवाला
परभणीत तिन्ही ऐकू येतेत, पावनं कुठलं हाय त्यावर.

गोदातीर
अहो पानं उद्या द्यायचीयत. भाच्याला विचारलं आत्ता परत, त्याला लिहायला लावलं तर तो लिहितो, 'सर्व्हर लांब हाय म्हणून लई लॅग मारूलालंय.'

मास्तर_परळी
मारूलालंय? नांदेडला 'मारायलंय' ना?

अंबाजोगाईकर
मास्तर, देगलूरला जाऊन ऐका एकदा.