प्रत फिरवण्याआधी शेवटचं प्रकरण बघा

तुर्की लेखक ओरहान पामुकच्या ‘म्युझियम ऑफ इनोसन्स’ची एकच प्रत सगळ्यांनी आळीपाळीने वाचावी, म्हणजे पुस्तक कपाटात पडून राहणार नाही, असं काही जण सुचवतात, ते मला मनापासून पटतं. फक्त या कादंबरीच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा. शेवटच्या, 83व्या प्रकरणात एक तिकीट छापलेलं आहे. इस्तंबूलच्या चुकुरजुमा भागात पामुकने 2012 साली याच नावाचं खरंखुरं संग्रहालय उघडलं. तिथे पुस्तक नेलं की त्या तिकिटावर शिक्का मारतात आणि फुकट आत सोडतात. पण एका प्रतीवर एकदाच.

आमची प्रत चार घरं फिरून आली होती. समासात तिघींच्या पेन्सिलच्या खुणा, एका पानावर चहाचा डाग. मैत्रीण इस्तंबूलला निघाली तेव्हा तीच प्रत तिच्याबरोबर दिली. कादंबरीची नायिका फ्युसुन हिने ओढलेल्या सिगारेटींची 4213 थोटकं तिथे भिंतभर टाचून ठेवली आहेत, ती आमच्यातल्या एकीनेच पाहिली. पण शिक्का बसलेलं ते पान आता प्रत्येकीच्या हातात जातं, आणि पुस्तक अजून फिरतंच आहे.